रफाराची जागा

महाडच्या बाजारपेठेत उज्वलाचं डीटीपीचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. खाली रस्त्याला लागून गाळा मिळत असताना ती वर का गेली, हे महाडात कुणी विचारत नाही. ज्यांनी या बाजारात पाणी शिरलेलं पाहिलंय, त्यांना विचारायची गरजच पडत नाही. जिना चढून वर गेलं की काचेचं दार, आत दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि खिडकीत तुळशीऐवजी पुदिन्याची कुंडी. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, मार्च जवळ आला की तळ्यावरच्या कार्यक्रमांचे फलक आणि बुद्धवंदनेच्या छोट्या पुस्तिका, सगळं तिच्या हाताखालून जातं. काही तिथंच छापून होतं, काही फायलींच्या रूपानं फ्लेक्सवाल्याकडे किंवा ऑफसेटवाल्याकडे जातं.

ती राहते पोलादपूरच्या पुढे, नवऱ्याच्या गावच्या बौद्धवाडीत. नवरा नागसेन एमआयडीसीत पाळीवर जातो, उज्वला सकाळच्या एसटीनं महाडला येते. संध्याकाळी परतताना तिच्या पिशवीत भाजीबरोबर कागदांचा एक गठ्ठा असतो. बाद झालेल्या पत्रिका, शाई पसरलेल्या पुस्तिका, नाव चुकल्यामुळे फुकट गेलेली निमंत्रणं. सासूबाईंना, चंपाबाईंना, ते चूल पेटवायला लागतात.

या गठ्ठ्यातूनच चंपाबाई वाचायला शिकल्या. उज्वला लग्न होऊन आली तेव्हा त्यांना अक्षराची ओळख नव्हती. एके दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांनी गुलाबी पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "उज्वले, ह्यो जाळायच्या आदी काय लिवलंय ते तरी सांग गो. एवढा चांगला कागद."

उज्वलानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आला, त्यावरचं एक अक्षर दाखवलं. मग रोज एकेक. चंपाबाईंनी आयुष्यात सलग वाचलेलं पहिलं वाक्य होतं, 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं.' वाचून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. कुणाची मावशी, कुठलं लग्न, काही ठाऊक नव्हतं, पण बोलावणं त्यांनी स्वतः वाचलं होतं. पुढे त्या तेलाच्या पिशवीवरचं वाचू लागल्या, एसटीची पाटी वाचू लागल्या. लिहिताना मात्र काना विसरायच्या. 'चहा' नीट लिहायच्या आणि 'पाणी'चं 'पणी' करायच्या.

मागच्या वर्षी त्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी सकाळच्या न्याहारीनंतर अर्धी गोळी सांगितली. औषध पोलादपूरच्या हर्षदच्या दुकानातून यायचं. हर्षद तरुण, मनानं चांगला. डोंगरातून, उमरठच्या बाजूनं म्हातारी माणसं यायची, गोळ्या घ्यायची आणि एसटी गाठायच्या घाईत कुठली कधी घ्यायची ते विसरून जायची. म्हणून त्यानं पाकिटांवर चिकटवायच्या लेबलांचं एक छोटं मशीन आणलं होतं. त्यात शाई नसते, कागद तापून काळा होतो. लेबलाची मांडणी उज्वलानं करून दिली होती. त्यासाठी तिनं 'पाणंद' नावाचा, सर्वांना मोफत वापरता येणारा फॉन्ट निवडला. पत्रिकांसाठी ती तोच वापरायची, अक्षर गोल आणि मोकळं होतं. कॉम्प्युटरवर लेबल इतकं देखणं दिसलं की हर्षद म्हणाला, "ताई, औषध घ्यायच्या आधीच माणूस बरा होईल."

पुढे त्याला दुकानाचं नाव आणि फोन नंबरही लेबलावर हवा झाला. जागा पुरेना, म्हणून त्यानं मजकुराचं अक्षर बारीक केलं. त्यात काही बिघडेल असं ना त्याच्या मनात आलं, ना कुणाच्या.

चंपाबाई एकट्याच जाऊन गोळ्या घेऊन आल्या. पाकिटावरचं त्यांनी स्वतः वाचलं, आता घ्यायची पद्धत बदलली असेल असं समजल्या आणि वाचलं तसं केलं. काही दिवसांनी भर दुपारी पाण्याच्या नळावर त्यांना घेरी आली. शेजारणींनी धरून खाली बसवलं म्हणून कपाळ वाचलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेता? चंपाबाई म्हणाल्या, "अख्खी. न्याहारीच्या आदी. पाकिटावर लिवलंय तसंच."

पाळी सोडून धावत आलेला नागसेन तिथंच उभा होता. भीतीनं त्याचा आवाज चढला. "आये, तुला धड वाचता येत नाय तर कुणाला तरी विचारायचं ना गो!"

सलाईन संपेपर्यंत चंपाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

घरी आल्यावर त्यांची तब्येत सुधारली. डोकं दुखेना, जेवण जाऊ लागलं. पण चष्मा डब्यात गेला आणि डबा फळीवर. उज्वलानं आणलेले कागद आता न वाचताच चुलीत जाऊ लागले. एका संध्याकाळी तिनं पाहिलं, चांगली मोठ्या टायपातली, सोनेरी पत्रिका त्यांनी नजरही न टाकता दुमडली आणि लाकडाखाली सारली.

गोळ्यांच्या पाकिटावर पेननं मोठं 'अर्धी' लिहावं म्हणून उज्वलानं ते हातात घेतलं आणि पहिल्यांदाच लेबल नीट बघितलं. रोज अक्षरं बघणारी बाई ती. 'अर्धी गोळी, न्याहारीनंतर' एवढं लिहायला हवं होतं. पण 'र्धी'वरचा रफार आणि दुसऱ्या वेलांटीचा वळसा एकमेकांत मिसळून नुसता काळा गोळा झाला होता, 'अधी' असं दिसत होतं. 'नंतर'वरचा अनुस्वार शिरोरेषेत बुडाला होता.

"आई, तुम्ही हे काय म्हणून वाचलंत?"

"जाऊ दे आता."

"सांगा तरी."

चंपाबाई चुलीकडे बघत म्हणाल्या, "अधी गोळी. मला वाटलं, लिवणारा काना इसरला. मीपण इसरतेच की. आदी गोळी घ्यायची, न्याहारी नंतर, असंच आसंल."

"मग तुम्ही बरोबर वाचलंत. इथं 'अधी'च छापलंय. चूक तुमची नाही, मांडणी मी केली, ती चुकली."

"उगा समजूत नको घालू," चंपाबाई म्हणाल्या. "मशीन कदी चुकतं व्हय?"

त्या एका वाक्यानं उज्वलाला ठरवायला लावलं. ही समजूत नाही हे सासूबाईंना दिसायला हवं होतं, आणि ते बोलून दिसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हर्षदला लेबल दाखवलं. तो पांढराफटक पडला. त्यानं मशीनचा प्लग काढला आणि त्या दिवसांत गोळ्या नेलेल्या माणसांना फोन करायला बसला. ज्यांचे नंबर नव्हते त्यांच्यासाठी वाडीवाडीवर निरोप धाडले. आणखी कुणाला इजा झाली नव्हती. "ताई, आता मी हातानंच लिहितो," तो म्हणाला आणि मग ओशाळून हसला, "पण माझं अक्षर तुम्ही पाहिलंय."

उज्वलाला वाटलं, काम सोपं आहे. फॉन्ट दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर तिनं उतरवून घेतलं. रफार जाड केला, शिरोरेषेपासून उचलून वर नेला. लेबल छापलं, 'अर्धी' लख्ख दिसलं. खुशीत तिनं तोच फॉन्ट सगळीकडे ठेवला. आठवडा उलटला नाही तोच शिवथरचे मालोजीराव मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन जिना चढून आले. बसले, पाणी प्यायले, पत्रिका टेबलावर ठेवली आणि 'शुभाशीर्वाद' या शब्दावर बोट टेकवलं.

"ताई, आमच्या आशीर्वादाच्या डोक्यावर ही लसणाची कुडी कुणी ठेवली?"

उज्वलाला हसू आलं आणि रडूही. पत्रिका पुन्हा छापून द्यावी लागली. एका मशीनसाठी केलेला रफार दुसऱ्या मशीनवर असा सुजला होता. प्रत्येक यंत्रासाठी आणि प्रत्येक आकारासाठी वेगळा फॉन्ट करत बसायचं म्हटलं तर जन्म पुरणार नव्हता. फॉन्टच्या फायलीत तो करणाऱ्या बाईंचा पत्ता होता. प्रियदर्शिनी, पुणे. उज्वलानं दोन्ही नमुन्यांचे फोटो काढून मेल केला. वाटलं होतं उत्तर येणार नाही. दुपारी फोनच आला.

"उज्वलाताई, 'धी'वरचा रफार मी स्क्रीनवर शंभर वेळा तपासला होता," प्रियदर्शिनी म्हणाली. आवाज तरुण आणि अस्वस्थ होता. "लेझरवरही पाहिला. असल्या मशीनवर कधी छापून बघितलंच नाही हो. तुमच्या सासूबाई कशा आहेत?"

सासूबाईंची चौकशी तिनं आधी केली, म्हणून उज्वलाचा संकोच गेला. मग ती विचारत गेली आणि प्रियदर्शिनी सांगत गेली. फॉन्टमधलं अक्षर म्हणजे नुसती बाह्यरेषा, तिला माप नसतं. छापताना मशीन त्या रेषेच्या आत ठिपके भरतं. लेझरकडे भरपूर ठिपके, म्हणून वळण वळणासारखं उमटतं. लेबलाच्या मशीनकडे एका मिलिमीटरला जेमतेम आठ. अक्षर बारीक झालं की रफाराच्या वाट्याला दीड ठिपका येतो, आणि अर्धा ठिपका तर छापता येत नाही. मग मशीन आपल्या अकलेनं एक तरी टाकतं नाही तर दोन.

"म्हणून अक्षरालाच आधी सांगून ठेवायचं," ती म्हणाली, "ठिपके कमी पडले तर काय सांभाळायचं आणि काय सोडायचं. शिरोरेषा सगळीकडे सारखीच जाड. रफार आणि वेलांटी यांच्यात एक ठिपका मोकळा. अनुस्वार दोन ठिपक्यांपेक्षा लहान नाही. या सूचनांना हिंटिंग म्हणतात. जिथं ठिपके भरपूर तिथं त्या गप्प राहतात, तुमची पत्रिका जशीच्या तशी. जिथं कमी, तिथं बोलतात. मी या सूचना सॉफ्टवेअरकडून आपोआप करून घेतल्या होत्या. आपल्या अक्षरांना ते पुरत नाही, हे आता कळतंय."

"म्हणजे रांगोळीसारखं," उज्वला म्हणाली. "ठिपके कमी मांडले की मोराचे डोळे ठेवायचे, पिसं कमी करायची."

"अगदी तसंच! कराल माझ्याबरोबर?"

दुपारी बाजार पेंगतो, गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात दोघी फोनवर स्क्रीन दाखवत बसू लागल्या. काम किचकट होतं. रफाराला जागा दिली की वेलांटी डावीकडे कलायची, तिला सरळ केलं की 'धी'चं पोट भरायचं. एकदा सगळं जुळलं, तरी हर्षदच्या दुकानात छापल्यावर मोकळा ठेवलेला ठिपका काळाच आला. दोघींनी डोकं धरलं. शेवटी हर्षदच म्हणाला, "मी मशीनचा ताप वाढवून ठेवलाय, लेबल ठळक यावं म्हणून." कागद जास्त तापला की काळा रंग शेजारी पसरतो. मशीन किती तापतं ते फॉन्टला कळायचा मार्ग नव्हता. हर्षदनं ताप कमी केला, आणि तो ठिपका पांढरा राहिला.

अडचण आणखी एक होती. लेबल बरोबर आहे की नाही, हे उज्वलाला ठरवता येईना. काय लिहिलंय ते तिला माहीत असायचं, त्यामुळे नसलेला रफारही तिला दिसायचा. प्रियदर्शिनीचंही तेच. "अंदाजानं न वाचणारं माणूस हवं," ती म्हणाली. "एकेक अक्षर लावून वाचणारं."

उज्वलाला असं एकच माणूस ठाऊक होतं.

रविवारी तिनं घरी ओटीवर लेबलांच्या पट्ट्या मांडल्या. चंपाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, जरा बघता का?"

"मला नाय येत ते."

"वाचू नका. दोन रेघा चिकटल्यात का सुट्या आहेत, एवढंच सांगा. मला दिसेनासं झालंय बघून बघून."

सुनेला दिसेनासं झालंय म्हटल्यावर त्या उठल्या. फळीवरचा डबा काढला, चष्मा पुसला, सूप बाजूला सारलं. पट्टी डोळ्यांजवळ नेली. "हितं चिकटलंय." दुसरी. "ह्ये पण थोडं." तिसरी घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. ओठ हलू लागले. "अ... ध ला वेलांटी... वर रफार. अर्धी." त्यांनी मान वर केली. "अर्धी लिवलंय गो हितं."

उज्वलानं जुनं पाकीट पुढे केलं. चंपाबाईंनी नवी पट्टी त्याच्याशेजारी ठेवली. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"म्हंजे मी वाचलं ते तसंच व्हतं."

"तसंच होतं."

नागसेन दारात बूट घालत होता, दुपारच्या पाळीला निघालेला. तो तसाच एका पायात बूट घालून ओटीवर आला. पाकीट उचलून त्यानं मोठ्यानं वाचलं, "अधी..." आणि थांबला. मग आईच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"आये, मीपण हेच वाचलं असतं," तो म्हणाला. "त्या दिवशी उगा बोललो मी तुला."

"घाबरला व्हतास रे तू," चंपाबाई म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा, बस चुकंल."

तेव्हापासून चंपाबाई कामाला लागल्या. पण औषधांचीच नावं रोज वाचून त्या कंटाळल्या. "सारखं आपलं गोळी, जुलाब, खोकला. मला बरं वाटतंय तरी आजारी करशील. काय तरी चांगलं छाप की!"

"मग तुम्हीच सांगा काय छापू."

त्या सांगू लागल्या. 'आज सुकटीचं कालवण केलंय.' 'शेजारची म्हैस व्याली.' 'नागसेनचा दात लहानपणी नदीत पडला.' उज्वला ती वाक्यं बारीक अक्षरात छापून आणायची आणि चंपाबाई स्वतःचंच बोलणं वाचून खुदखुदायच्या. कुठे अडलं की उज्वला त्या अक्षराच्या सूचना पुन्हा करायची.

प्रियदर्शिनीनं एकदा सांगितलं, डोक्यावर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही, आणि पायाशी उकार असलेली अक्षरं तपासा, ती सगळ्यांत अवघड. उज्वला असे शब्द आठवत बसली आणि सहज तिच्या लक्षात आलं, असा एक शब्द तर घरातच आहे. पट्टी छापून तिनं संध्याकाळी सासूबाईंच्या हातात दिली. दिली आणि मग वाटलं, विचारायला हवं होतं.

चंपाबाईंनी चष्मा सारखा केला. "ध ला काना, मात्रा... वर टिंब हाय. ड ला दुसरा उकार." त्या थांबल्या. पट्टी तशीच हातात. त्यांच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असताना त्यांनी कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. हाक मारायची तर 'अवो' म्हणायच्या. तो गेल्यावर घेऊन तरी कुणाला ऐकवायचं?

"राहू दे आई, दुसरी देते."

"थांब गो." त्यांनी बोट एकेका अक्षराखालून नेलं. मग हळू, कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात म्हणाल्या, "धोंडू."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. थोड्या वेळानं चंपाबाई पुन्हा म्हणाल्या, "धोंडू," आणि या वेळी जरा लाजल्या. "टिंब चांगलं दिसतंय. आदीचं असतं तर धोडू झालं असतं. त्यांना राग आला असता." पट्टी त्यांनी चुलीत टाकली नाही. बुद्धांच्या तसबिरीखाली पाटावर ठेवली आणि तांदूळ धुवायला उठल्या.

पावसाळा सरता सरता फॉन्टची नवी आवृत्ती निघाली. करणाऱ्यांच्या नावांत उज्वलाचं नाव होतं, आणि तिच्या आग्रहावरून तपासणाऱ्यांत चंपाबाईंचंही. हर्षदची लेबलं पुन्हा सुरू झाली. अक्षर यापेक्षा बारीक करायचं नाही, असं उज्वलानं त्याला बजावलं, कारण त्याखाली सूचनाही थकतात, एका ठिपक्यात कितीही शहाणपण कोंबलं तरी रफार आणि वेलांटी दोन्ही मावत नाहीत. दुकानाचा फोन नंबर त्यानं लेबलावरून काढून टाकला. मालोजीरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ते पत्रिका उज्वलाकडेच घेऊन आले आणि आशीर्वाद भिंगातून बघून गेले.

दिवाळीनंतर प्रियदर्शिनी चिपळूणला एका कार्यशाळेला आली होती. परतताना रेल्वेनं वीरला उतरली, रिक्षानं महाडला आली आणि तिथून उज्वलाबरोबर एसटीनं वाडीवर. चंपाबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट केली. पाहुणी तिखटानं हाशहुश करत जेवली, तरी आणखी वाढायला सांगत होती. चंपाबाई तिला एकसारख्या न्याहाळत होत्या.

"तुझं नाव लई लांब गो," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात रफार पण. बारक्या मशीनवर मावंल का?"

"मलाही माहीत नाही, मावशी. मी कधी छापलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला एसटीची वाट बघताना तिघी हर्षदच्या दुकानात गेल्या. हर्षदनं सगळ्यांत बारीक अक्षरात पाहुणीच्या नावाचं लेबल काढून दिलं. उज्वलानं बघितलं नाही, प्रियदर्शिनीनंही बघितलं नाही. चंपाबाई चष्मा लावून उजेडाला गेल्या आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून राहिली तरी त्यांनी घाई केली नाही. अक्षरामागून अक्षर लावत त्या शेवटच्या वेलांटीपर्यंत पोचल्या.

"मावलं," त्या म्हणाल्या.

मग पिशवीतून लोणच्याची बरणी काढून त्यांनी ते लेबल झाकणावर चिकटवलं, अंगठ्यानं नीट दाबलं आणि बरणी प्रियदर्शिनीच्या हातात दिली.